सहावं पदक

"काय झाला? सायेब आरशासमोर गप का उभा हाय?" हातातल्या शर्टाला बटण लावता लावता जुलेखाने नवऱ्याला हळूच विचारलं. "तुमीच कायतरी चुकवलं असणार."

खैरुद्दीनलाही तीच धास्ती होती. दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या त्याच्या टेलरिंगच्या दुकानात ब्रिगेडियर पेनरोझ नवा ब्लेझर घालून उभे होते. संध्याकाळी युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. छातीवर डावीकडे एका ओळीत सहा पदकं. काल ड्रायव्हर पदकं ठेवून "सब लगा दो" म्हणून गेला आणि खैरुद्दीनने ती जीव ओतून टाचली होती.

साहेब म्हणजे नुसतं गिऱ्हाईक नव्हे. अठराव्या वर्षी ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये शिरलेला, नॉर्वेच्या बर्फात आणि फॉकलंडच्या चिखलात झोपलेला माणूस. ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाल्यावर तो अबू धाबीत इथल्या सैनिकांना शिकवायला आला आणि मग दुबईतच राहिला. करोनात दुकान बसलं तेव्हा त्याने चार लोकरी कोट शिवायला टाकले. दुबईच्या उन्हात! एकही कधी त्याच्या अंगावर दिसला नाही.

"मिस्टेक, सर?"

साहेबांनी शेवटच्या पदकावर बोट ठेवलं. "हे माझं नाही. टॉमचं आहे."

टॉम त्यांचा मुलगा. तोही मरीन, अफगाणिस्तानात लढताना मारला गेलेला. स्वतःचं पदक डावीकडे, गेलेल्या माणसाचं उजवीकडे, असा त्यांच्यात रिवाज, हे साहेबांनी शांतपणे सांगितलं.

खैरुद्दीनने घाईने कात्री उचलली. मुलाचं पदक बापाने कमावल्यासारखं मिरवायचं, तेही साऱ्या फौजी लोकांसमोर! "सॉरी सर. आत्ता काढतो."

"थांब जरा." साहेब पुन्हा आरशाकडे वळले. "आम्ही दोघं एका तुकडीत कधीच नव्हतो. फार इच्छा होती त्याची." मग किंचित हसले. "तू आज आम्हाला एका रांगेत उभं केलंस. थँक यू."

मग साहेबांनीच ब्लेझर उतरवून खैरुद्दीनच्या हाती दिला. "यल्ला, चल. आता नियमाप्रमाणे."

"दोरा हलक्या हाताने काढा," जुलेखा डोळे टिपत म्हणाली. "कापड वडू नका."

पदक उजवीकडे गेलं. डावीकडे सुईची बारीक भोकं उरली. वाफ दिली की बुजली असती. खैरुद्दीनने इस्त्री उचलली, तोच साहेबांनी ब्लेझर ओढून घेतला.

"तेवढी राहू दे," ते म्हणाले आणि बाहीत हात घातला.