दिव्याखाली कासवं

आमच्या टेम्पोवर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं वाक्य आहे : 'अंधार सोडून सर्व काही मिळेल.' लग्न असो, सभा असो, नाहीतर दुकानाचं उद्घाटन, आम्ही भाड्याने लावलेला दिवा कधी गेला नाही. वक्ते व्यासपीठावरून घसरले, एक नवरदेव तर ऐन वेळी पळून गेला, पण तेही लख्ख उजेडात. धंद्यात नाव म्हणतात ते हेच, आणि बाबांच्या मागे मी ते जिवापाड जपत होतो.

माझ्या ताईचं सगळं उलटं. ती किनाऱ्यावर कासवांची घरटी राखते. कासवीण येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वर वाळू लोटते आणि चालती होते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. ताईचं म्हणणं, "तिने माझ्या भरवशावर टाकलीत." कासवीण असं काही बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही, पण ताईला सांगणार कोण? घरट्याला जाळी लावून, कुत्री आणि कावळे हाकलत ती अख्खा हंगाम तिथे ठाण मांडून बसली होती. स्वतःच्या मुलांच्या आजारपणात ती एवढी जागली नसेल, हे मी मामा या नात्याने सांगतो.

एके दिवशी पहाटे पिल्लं बाहेर आली. लगेच सोडली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण आमच्याकडे एक 'सागरजीव गौरव समिती' आहे. चार माणसांना काही काम नसलं की समिती होते, तशी ती झालेली. तिचे सेक्रेटरी धावत आले आणि पिल्लं साहेबांच्याच हस्ते सोडायची असं त्यांनी जाहीर केलं. साहेब कोणत्या खात्याचे, हे मला आजही धड माहीत नाही. ते आले की सगळे उभे राहतात, एवढं माहीत आहे.

"ठीक आहे," ताई दात-ओठ खात म्हणाली, "पण दिवस मावळताना सोडायची आणि दिवा लावायचा नाही. पिल्लांना समुद्र ओळखू येत नाही, उजेड तेवढा कळतो. काळोखात पाणी चमकतं म्हणून ती तिकडे जातात. तुम्ही दिवे लावलेत तर दिव्यांकडे येतील."

"अहो ताई, म्हणजे साहेबांना अंधारात बसवू? फोटो कसे यायचे?"

शेवटी तडजोड झाली. दिवे उभे करायचे, पण लावायचे नाहीत. काम अर्थातच मला मिळालं.

संध्याकाळी खुर्च्या भरल्या. पिल्लं एका टबात ओल्या गोणपाटाखाली होती आणि सारखी खरवडत होती. "समुद्रासाठी आणलेली ताकद टबातच संपवताहेत रे," ताई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. तेवढ्यात निरोप आला, साहेब निघालेत. मागाहून कळलं की ते आंघोळीला निघाले होते.

साहेब पोचले तेव्हा हाताला हात दिसत नव्हता. "लाव रे दिवे!" सेक्रेटरी ओरडले. ताईने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, बाबांचं नाव जाईल गं," मी म्हणालो आणि व्यासपीठावरचे सगळे हॅलोजन लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी टब आणि समुद्र यांच्यामध्ये बांधलेली फीत कापली आणि ते व्यासपीठावर परतले. टब कलंडला. पिल्लं वाळूवर आली, क्षणभर थबकली, आणि समुद्राकडे पाठ करून झाडून सगळी व्यासपीठाकडे निघाली. एवढुसे वल्ह्यासारखे पाय मारत, पडत, पुन्हा उठत. जीव तोडून यायचं म्हणजे काय, ते तेव्हा पाहिलं.

साहेब गहिवरले. त्यांनी माइक हातात घेतला. "पाहा! एवढा समुद्र समोर असून ही लेकरं माझ्याकडे येताहेत. मुक्या जिवाला आपलं माणूस बरोब्बर कळतं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सेक्रेटरींनी तर डोळे पुसले.

"दिवे बंद कर!" ताई बोंबलत होती. "मरतील रे सगळी!"

"स्विचला हात लावलास," सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तर या गावात तुला पणती लावायचंसुद्धा काम मिळणार नाही."

मी मेन स्विचपाशी उभा होतो. पलीकडे टेम्पो होता, त्यावरचं वाक्य माझ्याच उजेडात झळकत होतं. एक पिल्लू हॅलोजनच्या खांबापर्यंत पोचलं आणि खांबावर चढायला लागलं. घसरलं, पुन्हा लागलं. मला ते बघवेना. मी स्विच खाली ओढला.

गुडूप अंधार झाला. आता पिल्लं वळतील असं मला वाटलं, पण मी माणसांना विसरलो होतो. एका क्षणात सगळ्यांनी मदतीच्या भावनेने मोबाइल काढून त्यातले दिवे लावले. पिल्लं दाही दिशांना पांगली. "माझ्याकडे आलं, माझ्याकडे!" "ए, सरक ना, माझा फोटो राहिला!"

ताईने माझ्या पेटीतली मोठी बॅटरी उचलली आणि तशीच साडीनिशी समुद्रात घुसली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, बॅटरी डोक्यावर धरली आणि ओरडली, "मोबाइल खिशात घाला सगळ्यांनी! एकजण हलला तर बघा!" आईनंतर असा आवाज मी ऐकला नव्हता. मोबाइल खिशात गेले. पिल्लं थांबली, आणि हळूहळू एकेक करून वळली.

तिच्या उजेडाकडे कॅमेरेही वळले. आणि कॅमेरे वळले म्हटल्यावर साहेबही वळले. बुटांसकट पाण्याकडे पळत सुटले, मागून सेक्रेटरी, मागून अख्खी समिती, सगळे त्याच बॅटरीच्या दिशेने. पिल्लांच्या रांगेतून.

गर्दी ओसरल्यावर ताई वाकून वाळू बघत फिरली. एका ठिकाणी थांबली. बुटाचा ठसा होता, आत खोलवर एक पिल्लू दबलेलं होतं. तिने ते तळहातावर घेतलं. अशी आणखीही होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, "ऐन वेळी दिवे गेले. बिचारी पिल्लं अंधारात चाचपडत होती. हे मी सहन करणार नाही. संपूर्ण किनाऱ्यावर उंच खांब उभारून कायमचे दिवे लावणार. एकही कासव अंधारात राहणार नाही!" काम मलाच द्यायचं ठरलं. काल ऐन वेळी मोठ्या बॅटरीचा उजेड मीच पुरवला, असा साहेबांचा समज झाला होता. सेक्रेटरींनी तो खोडला नाही, कारण साहेबांचा समज खोडायची पद्धत नाही.

जेवताना ताईने विचारलं, "घेणार आहेस काम?"

"हो."

तिने ताट सरकवलं आणि उठून गेली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडे जायची. मी खांब उभारले, तारा ओढल्या, जोडण्या केल्या. साहेबांनी कळ दाबली, किनारा दिवसासारखा उजळला. सगळे म्हणाले, काम बघावं तर याचं.

मग पुढच्या वर्षी पिल्लांचा हंगाम आला. पहिल्याच संध्याकाळी किनाऱ्यावरचे सगळे दिवे एकदम गेले. सेक्रेटरींनी फोनवर माझी सालटी काढली. म्हणाले, बापाने कमावलं आणि पोराने गमावलं. ते ऐकून जीव तुटला, तरी मी म्हणालो, "खारी हवा आहे हो. जोडण्या टिकत नाहीत. बघतो."

मी एका खांबाखाली टेम्पो लावून बसलो. अंधारातून पावलं आली. ताई होती.

"दिवे गेले का रे?"

"गेले."

"काम सोडलं असतंस तरी चाललं असतं."

"सोडलं असतं तर दुसऱ्याने घेतलं असतं. आणि त्याचे दिवे लागले असते, ताई."

खाली वाळूत बारीक खसफस सुरू झाली होती, पाण्याच्या दिशेने. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बिघाड सापडला?"

"नाही अजून."

"सावकाश शोध," ताई म्हणाली. "घाई नको करूस."