नजरेच्या कडा मोजणारा घुमट

मी एक जुना पांढरा घुमट आहे. थांबा, हसू नका! मशिदीचा नाही की मकबऱ्याचा नाही, मी आडवा घुमट आहे. छावणीजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माणसं माझ्यात तोंड घालून बसायची, आणि त्यांना कडेकडेचं किती दिसतं ते मी दाखवून द्यायचो. आहे की नाही ऐट!

मित्रांनो, आत्ताच करून बघा. एक डोळा झाका, समोर एका खुणेवर नजर ठेवा, उघड्या डोळ्याच्या बाजूचा हात लांबवा आणि बोटं हलवा. मान न वळवता दिसली ना? समोर बघताना वर, खाली, आजूबाजूला जेवढं दिसतं, ते तुमचं दृष्टिक्षेत्र. कानाकडे ते चांगलं ऐसपैस असतं. नाकाकडे कमी, कारण नाक मध्ये येतं, त्याला कोण काय करणार!

जायकवाडी धरणात पाणी अडलं त्या सुमारास मी परदेशातून लाकडी पेटीत आलो. दवाखान्यात नजर तपासणाऱ्या फारूखभाईंनी मला झाडूनपुसून उभं केलं. ते माझ्या पाठीमागे बसून छिद्रातून रोग्याच्या डोळ्यावर लक्ष ठेवत आणि उजेडाचा ठिपका कडेकडून आत आणत. ठिपका दिसला की रोग्यानं टकटक करायची आणि फारूखभाईंनी कागदावर खूण करायची. मला तर हा रोजचा खेळच वाटे!

एकदा पाचोडहून द्वारकाबाई आल्या. आठवडी बाजारात त्या सायकलवर आपटल्या होत्या. सोबत जावई बद्रीनाथ आणि त्याची आई सरूबाई. सरूबाईंचा पारा चढलेला. एका लग्नात त्यांनी बाजूनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि विहीण न बघताच निघून गेली होती. चारचौघींत एवढा अपमान! तेव्हापासून वर्षभर त्यांनी सुनेला, आशाला, माहेरी पाठवलं नव्हतं.

भिंतीवरच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक खूण द्वारकाबाईंनी बरोबर ओळखली.

"बघा! एवढं बारीक दिसतंय," सरूबाई कडाडल्या, "मग माझं बोटच कसं दिसलं नाय?"

आता माझी पाळी! द्वारकाबाईंनी हनुवटी टेकवली, पण त्या ठिपका हुडकायला डोळा सारखा फिरवायच्या.

"मावशी, नजर हलली," फारूखभाई म्हणाले. "मधल्या खुणेकडंच बघा. ठिपका आपसूक येतो."

मग डोळा थांबला. ठिपका कडेवरून निघाला. टकटक नाही. पुढं सरकला. तरी नाही! अगदी मध्याजवळ आल्यावर एकदाची टकटक झाली. दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत.

"लई सोंगाडी हाय ही," सरूबाई म्हणाल्या.

"मग तुम्हीच बसा की, खाला," फारूखभाई हसले.

सरूबाई तोऱ्यात बसल्या. ठिपका कडेवर आला न आला तोच टकटक! मग कागदावरच्या खुणा जोडून दोन्ही कागद शेजारी ठेवले. सरूबाईंचा घेर भाकरीएवढा, विहिणीचा पेढ्याएवढा.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, आतून डोळे तपासले. काचबिंदू निघाला. मित्रांनो, हा मोठा लबाड आजार. बहुतेकदा दुखत नाही, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं, आणि गेलेल्या जागी काळोखही जाणवत नाही, कारण मेंदू ती जागा गुपचूप सारवून घेतो. गेलेली नजर परत येत नाही. औषध चुकवलं नाही, तर उरलेली राखता येते.

"इहीणबाई," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "त्या लग्नात तुम्हीच मला टाळलं, असं मी समजत व्हते. मी बी वर्षभर रडले."

सरूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बद्री, आशाला उद्याच माहेरी पोचव. महिनाभर ऱ्हाऊ दे. आईच्या डोळ्यात थेंब तीच घालील."

वर्षानं द्वारकाबाई पुन्हा माझ्यासमोर बसल्या, आशाचा हात धरून. टकटक, टकटक! नवा कागद जुन्यावर ठेवला. घेर केसभरही घटला नव्हता! फारूखभाईंनी मला अशी थाप मारली की मी घुमलोच.

आता संगणकाची यंत्रं आलीत, आणि मी अडगळीत धूळ खातोय. माझं राहू द्या. घरात चाळिशी उलटलेली माणसं असतील, तर त्यांना हट्टानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि तुम्ही बाजूनं हात केला तरी कुणी बघितलंच नाही, तर रुसण्याआधी एकदा त्यांच्या समोर जाऊन उभे राहा.