निम्म्या माणसांचं वजन

धाडकन आवाज झाला आणि होडी गॅरेजच्या छताला जाऊन भिडली. त्याच क्षणी भिंतीकडची वाळूच्या पिशव्यांची पेटी जमिनीवर आदळली. आमचे हे दोन्हींच्या मधोमध, हातात सुटलेला हुक घेऊन उभे.

"गेली वर," हे म्हणाले.

"ते दिसतंय मला. आता खाली आणा."

होडी म्हणजे आमची कयाक. पंधरा फूट लांब, अडतीस किलोची, दोघांनी पुढेमागे बसून वल्हवायची. अकरा वर्षं दर रविवारी ती गाडीच्या टपावर चढवून आम्ही तळ्यावर जात होतो. एक टोक यांच्याकडे, एक माझ्याकडे. आठ महिन्यांपूर्वी माझा डावा खांदा आखडला. शिवणयंत्रावर बसता येतं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचीसुद्धा पंचाईत. तेव्हापासून होडी गॅरेजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर पडून आणि गाडी बाहेर उन्हात.

मीच एक दिवस तळ्यावरच्या क्लबला फोन करून टाकला, घेऊन जा म्हटलं. जागा अडते, असं घरात सांगितलं. खरं म्हणजे येता-जाता ती दिसली की मला रडू यायचं. पण ते कुणाला सांगणार?

हे त्यावर नुसतं "बरं" म्हणाले. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस हा. कुठल्याही इमारतीत गेले की आधी लिफ्टच्या दाराला कान लावतात, मग यजमानांना नमस्कार. असा माणूस वाद न घालता बरं म्हणाला की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय. दुसऱ्याच दिवशी कप्प्या आल्या, दोर आला आणि मला हुकूम झाला, की जुन्या ताडपत्रीच्या एकवीस पिशव्या शिवून दे, प्रत्येकीत पाच किलो वाळू मावली पाहिजे. कशाला, ते सांगितलं नाही. मीही मुकाट शिवल्या, दुहेरी टीप घालून.

आज रविवार. क्लबवाले पाच वाजता येणार होते आणि आता सव्वाचार झाले होते.

"कल्पना अशी आहे," हे छताकडे बघत म्हणाले, "की एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन. लिफ्टचं असतं तसंच. मग जोर लावावाच लागत नाही. बोटाने ओढली की खाली, सोडली की वर. गाडी आत घ्यायची, होडी थेट टपावर उतरवायची. तळ्यावर काय, कुणीही हात देतं."

"मग ओढा की बोटाने."

यांनी दोर धरून ओढला. होडी ढिम्म. दोन्ही हातांनी ओढला. शेवटी इरेला पेटून स्टुलावर चढले, होडीच्या पट्ट्याला लटकले आणि स्टूल पायाने ढकलून दिलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस हवेत लोंबकळतोय, चपला गळून खाली पडल्यात आणि होडी बोटभरही हलत नाहीये! मला असं हसू फुटलं की दुखऱ्या खांद्यातही कळ गेली.

"हसतेस काय? स्टूल दे!"

"थांबा हो, जरा बघू द्या."

स्टूल दिलं. खाली उतरून हे कपाळ पुसत बसले. चेहरा पार पडला होता. त्या चेहऱ्याकडे बघून माझं हसू आटोपलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठे चुकलं तेच कळत नाही गं. हिशोब तर बरोबर आहे."

"काय हिशोब केलात?"

"नेहमीचाच. लिफ्टच्या गाडीचं वजन, अधिक निम्म्या माणसांचं वजन." पाढे म्हणावेत तसं म्हणाले. "होडी अडतीस. माणसं दोन, त्यांचं मिळून एकशे चौतीस, त्याचे निम्मे सदुसष्ट. एकूण एकशे पाच. पाच किलोच्या एकवीस पिशव्या."

"आणि ही माणसं कुठायत?"

"म्हणजे?"

"होडी छताला टांगायची ना? मग आपण दोघं आत बसून टांगून घेणार आहोत का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग होडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"अरेच्चा," म्हणाले. "पण रिकामं कधी काही टांगलंच नाही मी. माणसं असणारच, असं धरूनच चालायचं असतं."

बिचारे इतके ओशाळले की मला एकदम माया दाटून आली. पण तेवढ्यात दुसराच हिशोब माझ्या ध्यानात आला.

"एक मिनिट. तुमचं वजन अठ्ठावन्न. एकशे चौतीसातून अठ्ठावन्न गेले, राहिले शहात्तर. मी शहात्तर किलोची?"

"अंदाज धरला गं."

"कुणाला विचारून?"

"लिफ्टमध्ये पाय ठेवला की मला माणसाचं वजन कळतं. जन्म गेला त्यात."

"सत्तर आहे माझं!"

"बरं, सत्तर," हे म्हणाले. पण म्हणताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

भांडायला वेळ नव्हता. पेटी जमिनीवरच होती. हे एकेक पिशवी काढत गेले, मी मोजत गेले. तेरा पिशव्या निघाल्या, आठ उरल्या.

"चाळीस," हे म्हणाले. "होडीपेक्षा दोनच किलो जास्त. म्हणजे आपली आपण वर राहील आणि ओढताना दोन किलोचा जोर पुरेल." यांनी घोडे बाजूला सारले, जमिनीतल्या कडीत दोर कसा अडकवायचा ते मला दोनदा दाखवलं आणि मी दोर हातात घेणार तोच हे शटरकडे चालू लागले.

"निघालात कुठे? बघा तरी."

"बघायचं नाही. मेकॅनिक शेजारी उभा असला की सगळ्याच लिफ्ट शहाण्यासारख्या चालतात. मी बाहेर थांबतो, शटर खाली घेतो. तू एकटीनेच खाली आणायची, एकटीनेच वर पाठवायची. मग पास."

"दोघं तर असतो आपण घरात. एकटीने कशाला?"

"मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे," हे अगदी सहज, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाले. "तुला तळ्यावर जावंसं वाटलं तर माझ्यासाठी अडायला नको."

एवढं म्हणून हे बाहेर गेले आणि शटर खडखडत खाली आलं.

आत दिवा होता, होडी होती आणि मी. उजव्या हातात दोर घेतला. पहिल्यांदा हलकेच ओढला, घाबरतच. भिंतीकडची पेटी वर सरकायला लागली आणि ती एवढी थोरली होडी कसलाही आवाज न करता खाली येऊ लागली, माझ्या कमरेपर्यंत आली, थांबली. मी दोर कडीत अडकवला. होडीच्या कडेवरून हात फिरवला. माझी पुढची बैठक, यांची मागची. तिथेच उभं राहून मी रडून घेतलं, थोडंसंच.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. क्लबवाले वेळेआधीच आले होते.

"काका, होडी न्यायला आलोय."

"दोन मिनिटं थांबा," यांचा आवाज. "आत टेस्टिंग चालू आहे."

"आत कोण आहे?"

"मालकीण. द्यायची की नाही, ते त्याच सांगतील."

मी डोळे पुसले, दोर कडीतून सोडवला आणि हळूहळू सैल सोडत गेले. होडी सावकाश वर गेली आणि छताखाली जाऊन स्वस्थ राहिली. शटर मात्र मला एका हाताने उचलवत नाही. मी आतून त्यावर थाप मारली आणि म्हटलं, "अहो, उघडा. पास."