आरशावरचा कीस

ईश्वरप्पा सरांनी दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हातानं घासला होता. लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी ते देगलूरहून औशाच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले. पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी ते दोन जाड काचेच्या चकत्या एकमेकींवर घासत बसायचे. त्यातून सहा इंचाचा आरसा निघाला आणि तो बसवून दुर्बीण झाली. औशातल्या कितीतरी पोरांनी शनीची कडी पहिल्यांदा त्या दुर्बिणीतून पाहिली. भुजंग त्यातलाच एक. पुढं त्यानं बसस्टँडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, तरी सरांकडं त्याचं येणंजाणं राहिलं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात सरांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरत होते. नांदेडला असलेल्या मुलीनं, शिवकन्येनं, त्यांना दुर्बिणीला लावायचा कॅमेरा पाठवला होता. पण फोकसची चकती फिरवायला हात लावला की सगळी दुर्बीण हलायची आणि लॅपटॉपवरचा गुरू ग्रह उड्या मारायचा. फोटो काही येईना. शेवटी सरांनी भुजंगला बोलावून विचारलं, चकतीला छोटी मोटर बसवता येईल का? म्हणजे लांबून बटण दाबलं की झालं, हात लावायला नको.

भुजंगला ते काम फार आवडलं. तसंही दुकानात काम राहिलं नव्हतं. बोअर आटले होते, तिथं पंप कोण दुरुस्त करणार? लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, औशात टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा. आकाश मात्र रोज निरभ्र. सर एकदा म्हणालेही होते, की ढग नाहीत म्हणून बरं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

दुर्बीण दुकानात आणली तेव्हा सरांनी एकच गोष्ट बजावली. भोकं पाडायच्या आधी खालचा आरसा काढून ठेव. भुजंगनं मान डोलावली.

आरशाचे स्क्रू गंजून घट्ट बसले होते. शिवाय एकदा काढला की परत नीट जुळवायला अर्धा दिवस जाणार. भुजंगनं दुर्बिणीचं नळकांडं टेबलावर आडवं ठेवलं, आत एक फडकं कोंबलं आणि ड्रिल चालवलं. दोन भोकं पडली. पट्टी बसली, तिच्यावर मोटर, मोटरीवरून चकतीला रबरी पट्टा. बटण दाबलं तशी चकती केसभर फिरली. तो स्वतःशीच हसला. मग फडकं ओढून काढताना त्यावरचा पत्र्याचा कीस सांडला आणि नळकांडं उचलताना घरंगळत आरशावर गेला.

त्यानं आत बॅटरीचा उजेड टाकला. काचेवर पत्र्याचे बारीक कण चमकत होते. आरसा बाहेर काढून पाण्याच्या धारेनं धुवायला हवा, हे त्याला कळत होतं. घरात पिण्यापुरतं पाणी होतं, हे खरं. पण दुकानाच्या फळीवर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या चार बाटल्याही होत्या. त्यानं त्या घेतल्या नाहीत. लांब काठीला मऊ फडकं गुंडाळलं आणि आरसा तसाच कोरडा पुसला. कण निघाले. मागं ओरखड्यांचं जाळं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सरांच्या अंगणात दुर्बीण उभी राहिली. सरांनी थरथरत्या बोटानं बटण दाबलं. दुर्बीण जराही हलली नाही. सरांचा चेहरा उजळला. मग पडद्यावर गुरू आला, आणि त्याच्याभोवती धुरकट प्रभा. सरांनी बटण पुढं दाबलं, मागं दाबलं. प्रभा तशीच. त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं.

"भुजंग, तुला स्पष्ट दिसतंय का?"

भुजंगलाही ती प्रभा दिसत होती.

"हाव सर," तो म्हणाला. "एकदम साफ हाय."

सरांनी लॅपटॉप मिटला.

पाच दिवस भुजंग तिकडं फिरकला नाही. बायकोनं जेवण का जात नाही विचारलं, तर उन्हाचं कारण सांगितलं. सहाव्या दिवशी दुपारी सरांच्या पत्नी उमादेवीकाकू दुकानात आल्या. शुक्रवारी सकाळी आम्हाला स्टँडवर सोडशील का, त्यांनी विचारलं. नांदेडला जायचंय, शिवकन्येकडं. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं. डॉक्टर म्हणाले होते मोतीबिंदू अजून कच्चा आहे, थांबा. पण सर ऐकत नाहीत. दुर्बीणही शाळेला देऊन टाकायची म्हणतात.

काकूंना पाणी विचारायचंही भुजंगला सुचलं नाही. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबरच निघाला.

सर खाटेवर बसून होते. भुजंग उभाच राहिला.

"सर, तुमच्या डोळ्याचं काय न्हाई. आरसा मी खराब केला."

त्यानं सगळं सांगितलं. गंजलेले स्क्रू, फडकं, कीस, कोरडं पुसणं. फळीवरच्या बाटल्यांचंही सांगितलं. सर ऐकत राहिले.

"स्पष्ट दिसतंय का, मी विचारलं होतं तुला," शेवटी ते म्हणाले.

"हाव."

"आरशाचं होईल काहीतरी. पण पाच दिवस मी आंधळा होत चाललोय असं धरून बसलो होतो रे. पेपरातली अक्षरं दिसायची, तरी वाटायचं, आपण अंदाजानंच वाचतोय."

भुजंगला मान वर करता आली नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मग सर म्हणाले, "उद्या सकाळी ये. पाना आण, आणि त्या बाटल्या आण."

सकाळी दोघांनी मिळून आरसा काढला. भुजंगनं तो धरला, सरांनी वरून पाण्याची बारीक धार सोडली. ओरखडे वरच्या चकचकीत थरावरच होते, काच शाबूत होती. तो थर नव्यानं चढवायला आरसा पुण्याला गेला. भुजंग स्वतः मांडीवर खोकं घेऊन रात्रभर एसटीत बसला. नांदेडचं ऑपरेशन राहिलं.

जूनमध्ये आरसा परत आला. तो बसवला, जुळवला, आणि सरांनी बटण दाबून शनीचा फोटो काढला. कडी सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ होती. सरांनी तो फोटो शाळेत दिला, शिवकन्येला पाठवला, किराणा दुकानदारालाही दाखवला. मोटर आमच्या भुजंगनं बसवली, असं ते प्रत्येकाला सांगायचे.

ते ऐकलं की भुजंगला तिथून निघून जावंसं वाटायचं. तो महिन्यातून एकदा जायचा, पट्ट्याचा ताण बघायचा, उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि काम आहे म्हणून निघायचा. काम तेव्हाही नव्हतंच. सरांच्या ते लक्षात आलं असावं. पोळ्याच्या सुमारास एकदा तो असाच कप ठेवून वळला, तेव्हा सरांनी खाटेवर सरकून जागा केली.

"बस," ते म्हणाले.

भुजंग काठावर टेकला. सर वर्तमानपत्र वाचत राहिले. अर्ध्या तासानं काकूंनी दोन ताटं वाढली.