एल्कानाची खरी शपथ

माझा धाकटा भाऊ एल्काना स्परलॉक खोटं बोलून सिनेटर झाला असं जे म्हणतात, त्यांना काही कळत नाही. तो अगदी खरं बोलून झाला. मी तिथं होते, माझ्या या कानांनी ऐकलं.

आई गेली तेव्हा एल्काना रांगत होता. मी त्याला कडेवर घेऊनच मका सोलला, दूध काढलं. डोक्यानं तल्लख, जिभेनं गोड. आधी आमच्या खोऱ्यातल्या शाळेत मास्तर झाला, मग वकील, मग काउंटीचा सरकारी वकील, मग राज्याच्या खालच्या सभागृहात आमदार. केंटकीच्या डोंगरात माणूस असा वर चढतो तेव्हा खाली कुणीतरी आडवं पडलेलं असतं. त्याच्या पहिल्या निवडणुकीत माझा नवरा डिलर्ड मतपेटी राखत दारात उभा होता. विरोधकांनी त्याच्या पोटात गोळी घातली. तो संध्याकाळपर्यंत तळमळला आणि एल्काना सतरा मतांनी निवडून आला. विजयाच्या मिरवणुकीत लोकांनी माझ्या नवऱ्याच्या नावानं टोप्या उडवल्या. टोप्यांनी चूल पेटत नाही.

राहिला माझा एकुलता मुलगा, आसा. बापासारखाच रुंद हाडाचा आणि बापासारखाच बिनडोक शूर. माझं सगळं जग तेवढंच होतं.

त्या साली एल्कानानं राज्याच्या सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, जागा लढवली, बाझिल हॉस्किन्सच्या विरुद्ध. बाझिलही वकील; उंच, सुकलेला, कधी हसला तर लोकांना काळजी वाटावी असा माणूस. नोव्हेंबरात एल्काना जिंकला. पल्याडच्या खोऱ्यातली मतपेटी मोजणीला पोचायच्या आधीच जळाली होती. कुणी जाळली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

डिसेंबरातल्या कोर्टाच्या सोमवारी सगळी काउंटी गावात जमली होती. त्या दिवशी खेचरांची अदलाबदल होते, भाषणं होतात, भांडणं उकरली जातात. एल्काना कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून आभार मानत होता. बाझिल गर्दीतून सरळ पुढं आला.

"एल्काना, तू चोर आहेस," तो म्हणाला. "उद्या दुपारी नदी ओलांडतात त्या उतारावर ये, पिस्तूल घेऊन. तू आणि मी, समोरासमोर. येतोस?"

खेचरं तेवढी फुरफुरत होती.

यातली गोम आमच्याकडं सगळ्यांना कळली. आमच्या राज्यात साध्या फौजदारापासून गव्हर्नरापर्यंत प्रत्येकाला एक शपथ घ्यावी लागते: मी कधी द्वंद्व लढलो नाही, कुणाला आव्हान दिलं नाही, कुणाचं स्वीकारलं नाही, कुणाला त्यात मदत केली नाही. एल्काना चारचौघांत "हो" म्हणाला की सिनेट गेलं. "नाही" म्हणाला की डोंगरात तोंड दाखवायला जागा नाही. बाझिल हरलेला होता, त्याच्याकडं गमवायला काही नव्हतं.

एल्कानानं ओठ चाटले. "कायदा मला परवानगी देत नाही, बाझिल."

"मग बायकोचा झगा घाल की सिनेटर!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "कायदा देत नाही म्हणे! पेटी जाळायला कायद्यानं परवानगी दिली होती का रे?"

आणि माझा आसा पायऱ्या चढला. मी त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवून घेतली.

"मामांना नाही जमत तर मी येतो, हॉस्किन्ससाहेब," तो म्हणाला. "आमच्या घरात हो म्हणणारं कुणीतरी आहे."

बाझिलनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ठीक आहे, पोरा. ये."

त्या संध्याकाळी मी एल्कानाचे पाय धरले. मोठ्या बहिणीनं भावाचे पाय धरले, विचार करा. "तू स्वतः जा," म्हटलं. "सिनेट जाऊ दे. शाळा आहे, वकिली आहे. माझं पोरगं वाचव."

"ताई, बाझिल पोरावर गोळी झाडणार नाही. तो माझ्यावर चिडलाय. काळजी करू नकोस, मी बघतो काय ते."

मी बघतो म्हणाला. आणि त्यानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी आसाच्या मागोमाग निघाले. तो घोड्यावर, मी पायी. उताराच्या वरच्या वाटेवर पोचले तेव्हा मला दोघं खाली दिसले. नदी बारीक होती, कडेला बर्फाचा पापुद्रा. बाझिलनं पिस्तूल कमरेच्या कातडी पिशवीत परत घातलेलं होतं. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"घरी जा, पोरा. माझं भांडण भेकडाशी आहे, तुझ्याशी नाही. तू आलास, एवढंच पुष्कळ झालं."

आसा हसला. बाझिलनं हात पुढं केला आणि आसानं तो धरायला दोन पावलं टाकली.

आसाच्या मागं लॉरेलच्या झुडपांची दाट जाळी होती. तिच्यातून रायफल वाजली.

बाझिलचा डावा खांदा उडाला. तो गर्रकन फिरला, गुडघ्यावर पडला आणि पडता पडता उजव्या हातानं पिस्तूल उपसलं. त्यानं पाहिलं ते एवढंच की गोळी पोराच्या पाठीमागून आली आणि पोरगा हात पुढं करून त्याला जागेवर धरायला आला होता. आसा ओरडला, "मी नाही! साहेब, मी नाही—" बाझिलनं त्याच्या छातीत दोन गोळ्या घातल्या आणि तिसरी तोंडावर.

मी उतरणीवरून कशी आले ते मला माहीत नाही. माझे तळवे सोलले होते. आसाच्या तोंडाची डावी बाजू राहिली नव्हती. त्याचा एक डोळा माझ्याकडं बघत होता आणि घशातून घरघर येत होती. मी झग्याच्या घेरानं रक्त दाबायला गेले, पण कुठं दाबायचं तेच कळेना. थोड्या वेळानं घरघर थांबली.

बाझिल खांदा आवळून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

"मॅहलाबाई," तो म्हणाला, "तुमच्या पोराला मी हात दिला होता. तो आमिष होऊन आला." आणि माझ्या मुलाच्या शेजारी तो थुंकला.

प्रेत घरी आणलं, तशी पाठोपाठ एल्कानाही आला. स्वयंपाकघरात, मी आसाचं अंग पुसत असताना, तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला.

"ताई, मी नेम बाझिलवर धरला होता. छातीवर. तो ऐन वेळी वाकला."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मी आसाला वाचवायला गेलो होतो ग."

"आणि सिनेटला?"

तो हळूच म्हणाला, "आसा माझ्या बदली लढला असता, तर बाझिलनं राजधानीत सांगितलं असतं की मीच माणूस पाठवून लढलो. शपथेत तेही बसतं."

आमच्या त्या शपथेची गंमत अशी की समोरासमोर उभं राहून लढलात तर पदावर जन्माची बंदी. झुडपात दडून पाठीमागून मारलंत तर शपथेत त्याचा शब्द नाही. माझ्या भावानं कायद्याचं पुस्तक नीट वाचलं होतं.

मी त्याला तिथंच चुलीतल्या सळईनं झोडायला हवं होतं. पण तो माझ्या कडेवर वाढलेला. तो म्हणाला, "मला शपथ घेऊ दे. मग मी स्वतः कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून सांगेन की आसाला काही ठाऊक नव्हतं. देवाशपथ सांगेन." मी म्हटलं, ठीक. मला आसासाठी आता तेवढंच हवं होतं.

कारण आसानंच जाळीत माणूस दडवून बाझिलला दगा दिला असं सगळे धरून चालले होते, म्हणून शेरिफनं बाझिलला हात लावला नाही आणि आसाला पुरायला कुणी आलं नाही. खड्डा मी आणि आमच्या गड्यानं खणला. आमच्या डोंगरात मेलेल्याला लगेच पुरतात, पण त्याचं प्रवचन मागाहून होतं. फिरता धर्मोपदेशक येतो, सगळ्या खोऱ्यांतून माणसं जमतात, मेलेला कसा होता ते सांगतात, गातात, रडतात, जेवतात. ते होईपर्यंत माणूस पुरता गेला असं आम्ही मानत नाही. आमचे धर्मोपदेशक ब्रदर एनॉक माझ्या दारात टोपी फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "मॅहला, मी बोलेन. पण ऐकायला कोण येणार? हात पुढं करून दगा देणाऱ्या पोरासाठी कुणी खेचरावर खोगीर घालत नाही." मी त्यांना म्हटलं, जानेवारीपर्यंत थांबा.

जानेवारीत मी फ्रँकफर्टला गेले, राज्याच्या राजधानीत. काळा झगा, काळे हातमोजे. सभागृहाच्या सज्जात मला मानानं बसवलं, सिनेटरची बहीण म्हणून. खाली एल्कानानं बायबलवर हात ठेवला. कारकून वाक्य सांगायचा, तो मागून म्हणायचा. द्वंद्वाचं कलम आलं. मी सज्जाचा कठडा घट्ट धरला. एल्कानाचा आवाज जराही चाचरला नाही. "मी द्वंद्व लढलो नाही, आव्हान दिलं नाही, आव्हान स्वीकारलं नाही." खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला घेरलं. एकानं नदीवरच्या भानगडीचं विचारलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला वाटलं, इथंच सांगेल, बरंच झालं.

"माझा भाचा तापट होता," एल्काना म्हणाला. "त्यानं जे केलं त्याची मला लाज वाटते. पण रक्त ते रक्त, मी त्याला क्षमा केली आहे."

मी त्याला खांबाआड ओढलं. "तू शब्द दिला होतास."

"ताई, हळू बोल. आत्ता कुठं सुरुवात आहे. माणसं मला पुढच्या खेपेला लेफ्टनंट गव्हर्नरसाठी उभं करायचं म्हणताहेत. जरा थांब. आसाला आता कसली घाई आहे?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. लहानपणी हेच तोंड मी धूत असे. मग मी स्टेशनवर गेले आणि पहिल्या गाडीनं परत फिरले. घरी गेलेच नाही. सरळ बाझिल हॉस्किन्सच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्याची बायको लुरेना बंदूक घेऊन बाहेर आली. "पाऊल टाकशील तर गोळी घालीन, म्हातारे."

"घाल. पण आधी नवऱ्याला बोलव."

बाझिल आला. डावा हात गळ्यात बांधलेला होता, तो पुढंही कधी वर उचलला गेला नाही. लॉरेलमध्ये कोण होतं, का होतं आणि माझ्या स्वयंपाकघरात काय बोललं गेलं, ते सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं आतून बायबल आणलं.

"यावर हात ठेवून सांगा, मॅहलाबाई."

"शपथा मी राजधानीत पोटभर ऐकून आले. माझ्या तोंडाकडं बघ आणि ठरव."

त्यानं बघितलं. मग तो पायरीवर बसला.

"म्हणजे मी साध्यासरळ पोराला मारलं," तो म्हणाला. "तो ओरडत होता. मी नाही, मी नाही म्हणत होता. मी ऐकलं होतं."

मला त्याची दया आली नाही. कधीच आली नाही. पण तो खरं बोलत होता आणि तसं बोलणारं त्या वेळी काउंटीत दुसरं कुणी नव्हतं.

एल्काना शनिवारी परतला. फलाटावर बँड लावला होता. तो नवी हॅट घालून उतरला, दोन हात वर करून लोकांना नमस्कार केला आणि त्याला बाझिल दिसला. बाझिलच्या शेजारी मी दिसले. बँडवाले एकेक करून थांबले.

"एल्काना," बाझिल म्हणाला, "कमरेला पिस्तूल आहे तुझ्या. काढ."

एल्कानानं हात वरच ठेवले. कोटाखाली पिस्तूल होतं, मला माहीत होतं. त्याशिवाय तो चर्चलाही जात नसे. त्याची नजर गर्दीवरून फिरली. सगळे साक्षीदार होते. माझ्या भावाच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला पाटीवर लिहिल्यासारखं दिसलं. पिस्तुलाला हात लावला तर आव्हान स्वीकारलं. स्वीकारलं तर सिनेट गेलं.

"मी शपथ घेतलीय, बाझिल," तो म्हणाला. "मला लढता येत नाही. ताई, सांग ना ग याला!"

"मी कसलीच शपथ घेतलेली नाही," बाझिल म्हणाला.

पहिल्या गोळीनं एल्काना मागच्या डब्यावर आदळला. दुसरी मानेत लागली. रक्त डब्याच्या काचांवर उडालं आणि ढोलवाला ढोल टाकून पळाला. माझा भाऊ फळ्यांवर घसरत खाली बसला. त्याचा हात अजून कोटापासून लांब धरलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. मेला तरी त्यानं ते पिस्तूल काढलं नाही.

बाझिल पळाला नाही. शेरिफ आला तेव्हा त्यानं पिस्तूल उलटं धरून दिलं आणि म्हणाला, "सोमवारपर्यंत इथल्याच कोठडीत ठेव. मला एक काम आहे." सोमवारी, हातात बेड्या असताना, तो कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहिला. टोपी काढता येईना म्हणून शेरिफनं ती काढली. "आसा हात मिळवायला आला होता," तो म्हणाला. "त्याला काही ठाऊक नव्हतं. मी चांगला मुलगा मारला." मग खटला झाला आणि त्याला जन्मठेपेला नेलं.

एल्कानाला राजधानीत पुरलं, झेंडा पांघरून, गव्हर्नरच्या भाषणासकट. मी गेले नाही. लोक म्हणतात मॅहलानं भावाला मारलं. म्हणोत, मी नाही म्हणत नाही.

मे महिन्यात आसाचं प्रवचन झालं. वरच्या खोऱ्यातून, खालच्या खोऱ्यातून, पेटी जळालेल्या खोऱ्यातूनसुद्धा माणसं आली. खेचरं पार नदीपर्यंत बांधली होती. ब्रदर एनॉक दुपारभर बोलले. एकेकानं उठून सांगितलं, आसानं माझं कुंपण घातलं होतं, आसानं माझी गाय चिखलातून काढली होती. मी डुकराचं मांस, शेंगा आणि मक्याची भाकरी अंगणभर वाढली. सगळे पोटभर जेवले, माझे हात हातात घेऊन रडले आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी गेले.

मी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या. कुणासाठी बांधतेय ते कळलं तेव्हा सोडून कोंबड्यांना घातल्या.