पगडीतलं कबूतर आणि भक्तीचा पाय

आमचे पणजोबा राजवाड्याच्या दारावर पहाऱ्याला असत. इतके निश्चल, की एकदा त्यांच्या पगडीत कबुतराने अंडी घातली, उबवली, पिल्लं उडून गेली, तरी त्यांनी मान हलवली नाही. ही हकिगत मी बडोद्यात आमच्या साऱ्या मांजलपुरात सांगत आलो, आणि दर खेपेला पिल्लू एखादं वाढतच गेलं.

नात भक्ती सात वर्षांची झाली तेव्हा कळलं, की जन्मानंतर मिटायला हवी होती ती हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडीच राहिलीय. डॉक्टर निरुपमाबेननी छातीला हातही न लावता मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेली आणि तिथे इवलंसं बूच बसवलं. आमच्या सोसायटीत गळका नळ दुरुस्त करायला माणूस तीनदा येतो.

"आता एकच सांभाळा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत उजवा पाय दुमडायचा नाही. नाहीतर शिरेतून रक्त सुटेल."

सूनबाई संयोगिता पांढरीफटक पडली. भक्ती झोपेतही सायकल चालवते.

गुंगी उतरताच तिची टाच सरकायला लागली. मी घाईने पणजोबा काढले.

"थापा!" भक्ती म्हणाली. "आबा, तुम्ही उभे राहून दाखवा. तुम्ही हललात की मी पण पाय दुमडणार."

"अगं, आबांचं वय बघ!" सूनबाई म्हणाली.

"मग कबूतर खोटं."

झालं. पलंगाच्या पायथ्याशी टाचा जुळवून उभा राहिलो.

"श्वास घेऊ का?"

"हळू."

एवढ्यात शेजारच्या हंसाबेन पिशवीत डाळ-तांदळाचा खमंग हांडवो घेऊन आल्या. "केम छो, काका?" मी गप्प. "हाय हाय, काकांना लकवो!"

"लकवा नाही हो, पहारा आहे," सूनबाई म्हणाली.

हंसाबेनना तेवढं पुरलं. त्यांनी पिशवी माझ्या मनगटाला अडकवली आणि बसल्या. मागून भेटायला आलेल्यांनी मला खुंटीच समजून थर्मास, छत्री, स्कूटरचं हेल्मेट लटकवलं. एकाने नवाकोरा मोबाइल माझ्या खिशात सरकवला. तो थरथरला, मी नाही. विश्वामित्री नदीवरून आलेला, तिथल्या मगरींबरोबर वाढलेला एक डास नाकावर बसून सावकाश जेवला.

"आबा, नाक हललं."

"डासाचं हललं."

ती हसली. पाय सरळच.

ऊन उतरलं तशा माझ्या पोटऱ्या भरून आल्या. खोली डोलायला लागली. म्हणजे मीच डोलत होतो. भक्तीने ते पाहिलं. "आबा पडतायत!" म्हणत ती उठायला गेली, आणि चादरीखालचा गुडघा वर यायला लागला.

तेव्हा कसले पणजोबा आणि कसलं काय! मी पलंगाचा गज धरून ओरडलो, "मी हललो, मी हरलो, कबूतर खोटं! पण तू पाय टेक, पोरी!"

गुडघा थांबला. हळूच खाली गेला.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "तरी उभे राहा. आता मजा येतेय."

आणि राहिलो की! निरुपमाबेननी संध्याकाळी पट्टी पाहिली, कोरडी होती. भक्तीला धरून चालवलं. मग माझ्याकडे वळल्या, "आजोबा, तुम्हीही बसा आता."

बसायचं म्हणजे गुडघे वाकायला हवेत. दोन वॉर्डबॉयनी मला कपाटासारखं आडवं उचललं आणि भक्तीशेजारच्या रिकाम्या पलंगावर ठेवलं. तिने आपली उशी मला पाठवली आणि बजावलं,

"आबा, सकाळपर्यंत पाय दुमडायचे नाहीत हं!"