तीन महिन्यांचा रिपोर्ट

"दोन दिवस उपास करायचा राव, रिपोर्ट झ्याक येतो," ओतूरच्या लॅबबाहेरच्या बाकावर भरतकाका माझ्या वडिलांना शिकवत होते. आप्पांचा तो शेवटचा साधा दिवस.

आप्पा हसले. "भाऊ, ही तपासणी येगळी हाय. साखर रगताच्या तांबड्या पेशींना चिकटून बसती, अन् त्या पेशी जगत्यात तीन-चार म्हयनं. दोन दिसांच्या उपासानं त्या फसायच्या नायत."

गेल्या वर्षीच्या हरिनाम सप्त्यातल्या रक्तदान शिबिरातून वाढलेल्या साखरेमुळे त्यांना परत पाठवलं होतं. गावात पहिली बाटली दरवर्षी त्यांची असे. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की ते पानावर हात आडवा धरत. रानात एकटे असताना काय खात-पीत, ते आम्हाला दिसत नव्हतं. ते रिपोर्टात दिसलं. दहावर गेलेला आकडा साडेसहाच्या खाली आला होता.

"यंदा रगात देणार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं हृदय बंद पडलं. यंदाचं शिबिर पंधरा दिवसांवर होतं.

दहाव्याला मांडवी नदीच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. अशा वेळी घरचे एकेक करून गेलेल्या माणसाला शब्द देतात. "आईला सांभाळीन," माझा भाऊ आदेश म्हणाला. कावळा लांबच.

"स्नेहल, तू बोल की," आई म्हणाली.

मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर मोठ्यांदा बोलले, "शिबिरात तुमच्या जागी मी रक्त देईन. आणि आप्पा, कुणी बघत नसतानाही तुम्ही तसेच वागलात. लई कौतुक वाटायचं मला तुमचं."